टाचेतला बिब्बा

भरतीला जाणारी पोरं अजून माझ्याकडे येतात. ओसरीवर बसतात, चहा पितात, इकडचं तिकडचं बोलतात आणि कप खाली ठेवता ठेवता विचारतात, ‘आजोबा, तिथं काय काय बघतात?’ मी म्हणतो, आधी पाय दाखव. पोरगं बिचकतं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, हे त्याच्या तोंडावर दिसतं. फिरलेलं नाही. छाती किती फुगवायची, दम किती धरायचा हे तुम्हाला कुणीही सांगेल. जायच्या आधी अंगाला काय लावायचं नाही, तेवढं मी सांगतो. मला ते सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं आणि त्यापायी हातातोंडाशी आलेला घास जायची वेळ आली होती.

मी वळसंगचा. आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या आणि आमच्या टाचांचंही तेच. पायात वहाणा सणासुदीला, त्याही थोरल्या भावाच्या. गावात निम्मी माणसं घरात कानडी बोलायची, निम्मी मराठी, आणि भांडण मात्र दोन्ही भाषांत चालायचं. मी पोटात असतानाच मानमोडीच्या, म्हणजे एकोणीसशे अठराच्या तापाच्या साथीत वडील गेले. त्यामुळे माझं वय सांगणं सोपं होतं. दुसऱ्या पोरांच्या आया ‘दुष्काळाच्या आदल्या साली, न्हायतर त्याच्या फुडल्या’ असा घोळ घालायच्या. माझ्या आईला आठवावं लागत नव्हतं.

घरात आई, थोरला भाऊ आणि मी. रान एकट्या भावाच्या हाताला पुरेल एवढंच. मी असून कुणाला अडचण नव्हती, पण नसतो तरी काही अडलं नसतं. सतराव्या वर्षी माणसाला हे कळू नये. मला कळलं आणि मी चिडका झालो. बैलावर ओरडायचो, भावावर ओरडायचो, आणि ऐकून घेणारं हक्काचं माणूस म्हणून सगळ्यात जास्त आईवर.

गावात एक पेन्शनर आबा होते. पहिल्या लढाईत बसऱ्याकडं जाऊन आलेले. त्यांचे बूट करकर वाजायचे. विहिरीवर जायचं तरी बूट, देवळापाशी आले तरी बूट. पायरीवर बसून ते असे सावकाश काढायचे की बघणाऱ्याचा जीव खालीवर व्हायचा. आता लोक मला विचारतात, पलटणीत कशासाठी गेलात, आणि मी देशासाठी म्हणावं अशी त्यांची इच्छा असते. राज्य गोऱ्याचं होतं, कसला देश. सोलापुरातली शिकलेली माणसं तर तोंडावर म्हणायची, गोऱ्याची चाकरी करायला लाज वाटत नाही का. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण मला बूट पाहिजे होते. बूट घालून गावाच्या बाहेर जायचं होतं आणि बूट घालूनच परत यायचं होतं. एवढंच डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू.

भरतीवाले येणार ही बातमी आबांनीच आणली. सात रस्त्याजवळच्या मोकळ्या जागेत तंबू पडणार, एक दिवस माणसं बघणार आणि पुढं जाणार. आबांनी मला हाताशी धरलं. रोज सकाळी गावविहिरीला दहा फेऱ्या. छातीभोवती सुतळी बांधून श्वास ओढायला लावायचे आणि ती किती तटतटते ते बोटानं बघायचे. ओला पाय फरशीवर उमटवायला सांगायचे. पावलाचा ठसा मधे कोरा राहिला तर चांगलं, सगळा तळवा उमटला तर तो माणूस चालताना दमतो म्हणून बाद. माझा कोरा राहिला. त्या दिवशी मी गावातल्या निम्म्या फरशांवर पाय उमटवत हिंडलो.

‘वजन कमी भरंल आसं वाटलं तर सकाळी केळी खायची, वर तांब्याभर पाणी प्यायाचं,’ आबा म्हणाले. ‘आन् एक ध्येनात ठेव. सायेब कानाचा नसतो, डोळ्याचा आसतो. तू काय सांगतूस ते त्येला कळत न्हाय, कळून घ्यायचं बी नसतं. डोळ्याला दिसंल त्येच खरं. पयला पाय बघतो. आसल्या टाचा बघितल्या तर म्हनंल, ह्यो बुटात चालायचा न्हाय.’

आई जरा पलीकडं सुपात ज्वारी पाखडत होती. ती या सगळ्यात हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. मी दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा तिनं दुसरंच काहीतरी काम सांगितलं होतं. आता सूप थांबवून तिनं आबांना विचारलं, ‘आबा, तितं पायात घालाया देत्यात का?’

‘देत्यात की. दोन जोड.’

तिनं मान हलवली आणि सूप पुन्हा चालू केलं. मला तिचा राग आला. एवढा पोटचा पोरगा परमुलखात जाणार आणि हिला वहाणांची पडली आहे, असं वाटलं.

भरतीच्या तीन दिवस आधी तिनं मला सकाळी परसात बसवलं. गरम पाण्यात पाय बुडवले, दगडानं टाचा घासल्या आणि दाभणाला टोचून एक बिब्बा विस्तवावर धरला. ज्यांनी बिब्बा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, काळं, चपटं, बदामाएवढं फळ असतं. शेकला की त्यातून काळं तेल सुटतं. ते भेगेत सोडायचं. भेग भरून येते, पण सोडताना जीव जातो. मी सतरा वर्षांचा, पलटणीत निघालेला गडी, आणि आईसमोर ओठ चावून बसलो होतो. टाचेच्या जाड कातडीला बिब्बा काही करत नाही. बाकीच्या अंगाला लागला तर मात्र उततो, म्हणजे फोड येतात, सूज येते, आग होते.

‘ह्येला हात लावू नगंस,’ आई म्हणाली. ‘लागला तर राखंनं धू. तीनदा.’

एक ओघळ घोट्यावर आला. तो मी बोटांनी निपटला. राख चुलीपाशी होती आणि चूल दहा पावलांवर. कोण उठतंय. बोटं धोतराला पुसली आणि त्याच हातांनी, अंघोळीच्या आधी, पैलवानासारखं अंगाला तेल चोळलं. छातीला चोळलं, दंडांना चोळलं, मांड्यांना चोळलं. भरतीत अंग कसं चमकलं पाहिजे ना.

दुसऱ्या दिवशी खाज सुटली. तिसऱ्या दिवशी छाती, मान, मांड्या लाल झाल्या, फोड आले, डावा डोळा सुजून मिटला. गावातला वाणी कानडी माणूस, खोबरं आणायला गेलो तर म्हणाला, ‘बिब्बा उतला काय रे तम्मा?’ तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आणि न मागता वाटीभर तीळही दिले. आईनं खोबरं आणि तीळ वाटून लेप लावला. चौथ्या दिवशी पहाटे मी उठलो तेव्हा फोडांतून पाणी गळत होतं. अंगरखा अंगाला चिकटत होता.

‘जातूस का?’ आईनं विचारलं.

‘जातो,’ मी म्हणालो. तिनं भाकरी बांधून दिली.

माझ्याबरोबर गावाबाहेरच्या वस्तीतला एक पोरगा होता, माझ्याच वयाचा. दंडानं माझ्यापेक्षा भक्कम, धावायला माझ्या कितीतरी पुढं. आठ कोस आम्ही बोलत बोलत तुडवले. तंबूपाशी रांग होती. तोंडाशी एक हवालदार उभा होता, आमच्यासारखंच बोलणारा, मिशीवाला. गाव विचारायचा, पाटलाची चिठ्ठी बघायचा आणि मग जात विचारायचा. माझ्यासोबतच्या पोरानं जात सांगितली. हवालदार म्हणाला, ‘तुमची घेत न्हाईत आता,’ आणि पुढच्याला हात केला. ना टेप लावली ना पाय बघितला. आठ कोस चालत आलेल्या त्या पोराला बाजूला व्हायला मोजून पाच पावलं लागली असतील. मला तेव्हा वाईट वाटलं आणि लगेच माझा नंबर आला म्हणून मी ते विसरलो. याची लाज मला अजून वाटते.

माझे तळहात हवालदारानं दाबून बघितले. नांगराचे घट्टे लागले तसा तो खूश झाला. उंची भरली, वजन केळ्यांच्या मदतीनं भरलं, छाती फुगवून टेपेला पुरून उरली. मग छातीवर, फोड नव्हते तेवढी जागा शोधून, त्यानं जांभळ्या पेन्सिलीनं आकडा लिहिला. तो आकडा म्हणजे निम्मी भरती झाली असं सगळे म्हणत होते. पुढं लंगोटीवर डॉक्टर साहेबासमोर.

साहेब गोरा, लाल मानेचा, घामानं वैतागलेला. त्यानं मला बघितलं आणि एक पाऊल मागं सरला. काहीतरी बोलला. हवालदारानं सांगितलं, ‘सायेब म्हनत्यात, कातडीचा रोग हाय. पलटणीत पसरंल.’

‘रोग न्हाय, बिब्बा उतलाय,’ मी म्हणालो. ‘सांगा की त्यास्नी.’

हवालदारानं सांगितलं. साहेबानं हात झटकला. त्याला बिब्बा म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि रोग लपवायला पोरं काय काय सांगतात ते माहीत होतं. एका शिपायानं काठीला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यानं, लांबूनच, माझ्या छातीवरचा आकडा पुसला.

हवालदार मला तंबूबाहेर घेऊन आला. ‘मला दिसतंय रं,’ तो हळू म्हणाला. ‘माज्या घरात बी उततो. पर सायबाम्होरं मी डाक्टर हाय व्हय? आजपासनं बाराव्या दिशी आमी कुर्डुवाडीला हाय. अंग साफ करून ये. न्हाय झालं तर येऊ नगंस, माजी बी पंचाईत करू नगंस.’

परत येताना तो वस्तीतला पोरगा माझी वाट बघत थांबलेला होता. सगळं ऐकून म्हणाला, ‘मग काय, तुजं जाईल की आट दिसांत.’ त्याचं जाण्यासारखं काही नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

घरी पोचेपर्यंत माझा राग मात्र पिकला होता. कुणावर तरी काढायला पाहिजे होता. स्वतःवर काढायला मी काही एवढा शहाणा नव्हतो. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी दारातूनच म्हणालो, ‘झालं तुज्या मनासारखं. बाद केलं मला. सायेब म्हनला रोग हाय. तू मुद्दाम लावलास बिब्बा. मी जाऊ नये म्हनून लावलास.’

तिचा हात भाकरीवर थांबला. मग पुन्हा थापायला लागला. भाकरी तव्यावर टाकून, पाणी फिरवून तिनं विचारलं, ‘सायेब काय म्हनला? नीट सांग.’

मी सगळं सांगितलं. साहेब मागं सरला ते, बिब्बा म्हटल्यावर हात झटकला ते, कुर्डुवाडीचं ते. तिनं ऐकून घेतलं. मुद्दाम लावलास या बोलण्याला काही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, उत्तर नाही म्हणजे खरंच असणार. घोडं पेंड खात होतं ते इथं, असं मी मनात पक्कं केलं आणि जेवायला बसलो. चार भाकरी खाल्ल्या. राग आला की मला भूक जास्त लागते.

पुढचे दिवस घरात बोलणं कामापुरतं. ती लेप वाटून ठेवायची, मी लावायचो. फोड बसले, खपल्या धरल्या, खपल्या पडल्या. सूज उतरली. पण छातीवर, मानेवर काळे डाग राहिले. मी विहिरीवर जाऊन अंग घासायचो, डाग हलायचे नाहीत. मधेच कधीतरी बघितलं तर आईनं डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं. वाटलं, तव्यावर भाजलं असेल. विचारलं नाही. तोंड फुगवून हिंडायचं ठरवलेलं होतं ना.

निघायच्या दिवशी ती लुगडं नीट नेसून उभी. ‘मी बी येते,’ म्हणाली.

‘तू कशाला?’

‘आजून आगगाडीत बसले न्हाय.’

भरतीला आईला घेऊन जायचं म्हणजे पोरं काय म्हणतील, या विचारानं मला घाम फुटला. पण तिला नको म्हणायला तोंड उघडेना. आम्ही मध्यरात्रीच निघून चालत सोलापूर गाठलं आणि गाडीत बसलो. आईनं डब्यात बसल्या बसल्या पाय लुगड्याखाली ओढून घेतले आणि कुर्डुवाडीपर्यंत तसेच ठेवले. समोरच्या बाईच्या पायात चपला होत्या.

कुर्डुवाडीला स्टेशनापासून जरा पुढं, एका कडुलिंबाच्या झाडापाशी तंबू होते. नातेवाइकांनी झाडाखाली थांबायचं. आई तिथं बसली. हवालदारानं मला ओळखलं, अंग बघितलं, डागांपाशी चुकचुकला, पण पुन्हा सगळी मापं घेतली आणि पुन्हा जांभळा आकडा लिहिला. मी देवाचं नाव घेत डॉक्टरासमोर उभा राहिलो.

साहेबानंही मला ओळखलं. ते काही चांगलं लक्षण नव्हतं. त्यानं डागांवर बोट रोखलं आणि बराच वेळ बोलला. हवालदार खाली बघत म्हणाला, ‘सायेब म्हनत्यात, रोग दबलाय, गेला न्हाय. पुन्ना वर यील.’ काठीला फडकं गुंडाळणारा शिपाई माझ्याकडं यायला निघाला. आता कुर्डुवाडीनंतर हे लोक दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होते.

तेवढ्यात मागं गडबड झाली. लंगोटीवरची पंधरा-वीस पोरं एकमेकांच्या आड लपायला लागली, कारण रांगेतून एक बाई चालत येत होती. माझी आई. ती बिचकली नाही, थांबलीही नाही. शिपायानं ‘ए बाई’ म्हटलं, तिनं त्याला ‘सर बाजूला, बाळा’ म्हटलं आणि तो सरला. साहेबाच्या मेजापाशी येऊन ती डाव्या हाताचं फडकं सोडायला लागली.

मी तिचा हात बघितला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपरापासून मनगटापर्यंत तीन जागी बिब्बा लावलेला होता.

‘दादा,’ ती हवालदाराला म्हणाली, ‘सायबास्नी सांगा. ह्यो वरचा धा दिसाचा. ह्यो मदला पाच दिसाचा. ह्यो खालचा परवाचा.’

खालच्या जागी ताजे फोड होते, पाणी भरलेले. मधल्या जागी खपली होती. वरच्या जागी नुसता काळा डाग राहिला होता, माझ्या छातीवर होता तसा. भरतीतून बाद होऊन मी आलो, तिच्यावर ओरडलो, चार भाकरी खाल्ल्या, त्यानंतर एक-दोन दिवसांतच तिनं पहिला डाग लावून घेतला असणार. आणि मी विहिरीवर अंग घासत बसलो होतो.

साहेब खुर्चीवरून उठला. आधी तिच्या हाताजवळ वाकला, मग माझ्या छातीजवळ, मग पुन्हा तिच्या हाताजवळ. या वेळी मागं सरला नाही. हवालदारामार्फत विचारलं, हे कुणी केलं?

‘मीच.’

कशासाठी?

‘सायबाला डोळ्यानं बघायचं आसतंय म्हनून.’

साहेब अजून विचारात होता. आईनं पदराची गाठ सोडली. त्यात एक बिब्बा होता आणि दाभण होतं. ती शांतपणे म्हणाली, ‘आजून पटत नसंल तर सायबाच्या हातावर बी एक थेंब लावून दावते. चार दिसांत कळंल.’

हवालदार तोंड फिरवून खोकायला लागला. बराच वेळ खोकला. त्यानं साहेबाला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण साहेबानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि मोठ्यानं हसला. त्या लाल मानेच्या माणसाला हसता येतं हे तिथल्या शिपायांनाही नवीन होतं बहुतेक. मग त्यानं माझे दात बघितले, डोळे बघितले, खोकायला लावलं, उकिडवं बसवून उठवलं. शेवटी पाय बघितले. टाचा फिरवून फिरवून बघितल्या. भेगा सगळ्या भरून आल्या होत्या. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि हवालदारानं माझ्या पाठीत एक सणसणीत थाप मारली.

पलटणीकडं नेणारी गाडी तिसऱ्या प्रहरी होती. तोवर आम्ही मायलेक लिंबाखाली बसलो. तिनं भाकरी सोडली, मला खाववेना. ती मात्र खात होती. अक्कलकोटकडच्या एका पोराचे वडील परत निघणार होते, त्यांच्या सोबतीनं ती जाणार होती.

मी म्हणालो, ‘आये, त्या दिशी मी बोललो त्ये...’

‘काय बोललास?’

‘मुद्दाम लावलास म्हनालो.’

तिनं घास गिळला, पाणी प्याली. ‘तुला थांबवायचं आसतं तर बिब्बा कशाला लागला आसता? नगं जाऊ बाळा, येवढं म्हनले आसते तर गेला आसतास व्हय?’

मी विचार केला. एवढा भडक डोक्याचा मी, सगळ्यांवर ओरडणारा. पण तिनं ते तीन शब्द म्हटले असते तर मी जन्मभर वळसंगचा उंबरा ओलांडला नसता.

‘न्हाय,’ मी म्हणालो.

‘मग,’ ती म्हणाली, आणि उरलेली भाकरी माझ्या गठुड्यात बांधायला लागली. मला तिथं, सगळ्यांदेखत, रडू आलं. नवीन भरती झालेला शिपाई आईच्या पदरात तोंड घालून रडला हे मी नंतर पलटणीत कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो.

छातीवरचा आकडा पहिल्याच अंघोळीला गेला. माझे डागही दोन-तीन महिन्यांत विरले. पलटणीत बूट मिळाले, दोन जोड. पहिले पंधरा दिवस त्यांनी पायाची सालटं काढली. बूट म्हणजे सुख असं समजणाऱ्यांना मी तेव्हा शिव्या घातल्या, म्हणजे स्वतःलाच. पण कवायत जमली, पंगतीला पोटभर मिळालं, आणि सक्तीनं का होईना लिहा-वाचायला शिकलो. पहिलं पत्र घरी लिहिलं ते आबांनी देवळाच्या पायरीवर मोठ्यानं वाचलं म्हणे.

वर्षानं रजा मिळाली. सोलापुरात उतरून आधी बाजारात गेलो आणि आईसाठी वहाणा घेतल्या. मग बूट करकरवत गावात शिरलो. वस्तीतला तो पोरगा वाटेत भेटला. बुटांकडं बघून हसला आणि म्हणाला, ‘वाजत्यात की रं.’ मी त्याच्याजवळ बसलो, बूट काढून दिले आणि म्हणालो, घालून बघ. त्यानं घातले, चार पावलं चालला आणि परत दिले. ‘लई जड हायत,’ म्हणाला.

घरात पाऊल टाकायच्या आत आईनं मला उंबऱ्यावर बसवलं. ‘काढ त्ये.’ मी बूट काढले. तिनं माझी टाच मांडीवर घेतली आणि अंगठा फिरवून बघितला. एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं. मग दुसरी टाच.

‘भेगा न्हाईत,’ ती म्हणाली, आणि माझा पाय तसाच धरून जरा वेळ बसली. तिच्या डाव्या हातावर तिन्ही डाग होते. वरचा, मधला, खालचा. तिचे गेले नव्हते.

मी वहाणा काढून तिच्यापुढं ठेवल्या. तिनं हातात घेऊन सगळीकडून बघितल्या, चामड्याचा वास घेतला, घातल्या आणि एक पाऊल टाकलं तशी कळवळली. टाचेची भेग कडेला लागत होती. वहाणा काढून तिनं पाय पटकन लुगड्याखाली ओढून घेतले, गाडीत घेतले होते तसे. सतरा वर्षं मी त्या घरात राहिलो, माझ्या टाचांवर एवढं रामायण घडलं, आणि तिच्या टाचा मी कधी बघितल्या नव्हत्या.

‘बिब्बा कुटं हाय?’ मी विचारलं.

‘कशाला? ऱ्हाऊ दे.’

‘कुटं हाय सांग.’

तिनं कोनाड्याकडं बोट दाखवलं. मी पाणी तापवलं, तिचे पाय बुडवले, दगडानं टाचा घासल्या. दाभणाला बिब्बा टोचून विस्तवावर धरला आणि एकेका भेगेत थेंब थेंब सोडला. ती ओठ चावून बसली होती. एक ओघळ तिच्या घोट्यावर यायला लागला, तो मी फडक्यानं टिपला, बोटानं नाही. सगळं झाल्यावर उठून चुलीपाशी गेलो आणि राखेनं तीनदा हात धुतले. तिनं बसल्या जागेवरून बघितलं आणि मला चौथ्यांदा धुवायला लावले.